जुन्या गाडीचा कार्बोरेटर: निवड, जुळणी आणि दोष शोधायची रीत

कार्बोरेटर पेट्रोल ढकलत नाही. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती हवा व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि फ्लोट चेंबरमधलं (तरंगणाऱ्या फ्लोटने पातळी राखलेल्या छोट्या साठ्यातलं) पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबामुळे जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या बारीक भोकातून, वर चढतं. साइज निवडायची असो की गाडी गचके का खाते ते शोधायचं असो, सगळा हिशेब या दाबाच्या फरकाशी येऊन थांबतो.

साइज: मोह आवरा, आकडा काढा

अमेरिकन धाटणीच्या कार्बोरेटरची क्षमता सीएफएममध्ये सांगतात, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा त्यातून जाते. इंजिनाची गरज काढायचं सूत्र असं: क्षमता लिटरमध्ये × कमाल आरपीएम × व्हॉल्युमेट्रिक एफिशिअन्सी ÷ ५६.६. यातली एफिशिअन्सी म्हणजे सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो ते. मूळ अवस्थेतल्या जुन्या इंजिनासाठी ०.७५ ते ०.८५ धरा; हेड, कॅम आणि एक्झॉस्टवर चांगलं काम झालेलं असेल तर ०.९ च्या आसपास.

५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन ५,५०० आरपीएमपर्यंत फिरणार असेल आणि एफिशिअन्सी ०.८५ धरली तर गरज निघते साधारण ४७० सीएफएम. म्हणजे ५०० ते ६०० चा कार्बोरेटर भरपूर झाला. तरीही अशा इंजिनांवर ७५० चा कार्बोरेटर सर्रास दिसतो, आणि मालकाची तक्रारही ठरलेली असते: खालून पिकअप नाही, पेट्रोल फार पिते. गळा मोठा असला की कमी आरपीएमला हवेचा वेग मंदावतो, दाब पुरेसा उतरत नाही, पेट्रोल बारीक तुषारांऐवजी जाड थेंबांत येतं आणि मॅनिफोल्डच्या भिंती ओल्या करतं. याउलट कार्बोरेटर थोडा लहान पडला तर फक्त अगदी वरच्या आरपीएमची थोडी ताकद जाते, आणि तिथे रस्त्यावरची गाडी फारशी पोचतच नाही. सूत्रात आरपीएमचा आकडा टाकताना मीटरवरच्या लाल रेषेकडे पाहू नका. खरोखर जितकी फिरवता तेवढाच धरा.

आकडे वाचताना एक फसगत होते. चार गळ्यांचे कार्बोरेटर १.५ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात, दोन गळ्यांचे ३ इंचांवर. त्यामुळे दोन गळ्यांचा '५००' थेट चार गळ्यांच्या '५००' शेजारी ठेवता येत नाही. तुलना करायची तर दोन गळ्यांच्या आकड्याला १.४१ ने भागा. तो ५०० खरा ३५५ च्या घरातला निघतो.

चार गळ्यांच्या होलीसारख्या कार्बोरेटरमध्ये मागचे दोन गळे व्हॅक्यूमने उघडतात किंवा थेट लिव्हरने. जड गाडी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, रोजचा वापर असेल तर व्हॅक्यूमवाला घ्या. इंजिन हवा मागेल तेवढेच तो मागचे गळे उघडतो, म्हणून साइज किंचित मोठी झाली तरी सांभाळून घेतो. लिव्हरने उघडणारा, पाय टाकताच जादा पेट्रोल मारणाऱ्या दोन पंपांचा प्रकार हलक्या, हाताच्या गिअरच्या आणि वरच्या आरपीएमला चालवल्या जाणाऱ्या गाडीसाठी आहे.

वेबर डीसीओई या दोन गळ्यांच्या कार्बोरेटरचं गणित वेगळं. ४० डीसीओईमधला ४० म्हणजे बटरफ्लायपाशी (पेडलने उघडणाऱ्या झडपेपाशी) गळ्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. खरा निर्णय आत बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या व्हेंचुरीचा असतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गळा असेल तर सिलिंडरची क्षमता लिटरमध्ये घ्या, तिला कमाल ताकदीच्या आरपीएमने गुणा, १,००० ने भागा, वर्गमूळ काढा आणि २० ने गुणा. दोन लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला ६,००० आरपीएमसाठी उत्तर येतं ३४.६ मिमी. हा आकडा ताकदीकडे झुकलेला आहे. रस्त्यासाठी ३२-३३ घातली तर खालचा खेच बराच सुधारतो. मेन जेटची सुरुवात व्हेंचुरीच्या चौपटीने करा आणि एअर करेक्टर (त्या पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा जेट) त्याहून ५० ने मोठा ठेवा: ३२ ची व्हेंचुरी, १३० चा मेन जेट, १८० चा करेक्टर. वेबरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरचे शतांश सांगतो, १३० म्हणजे १.३० मिमी. होलीच्या जेटचा नंबर असा थेट व्यास सांगत नाही, म्हणून दोघांचे नंबर एकमेकांत मिसळू नका.

एसयू आणि झेनिथ-स्ट्रॉमबर्ग सीडी या प्रकारांत गळाच बदलता असतो. कार्बोरेटरमधलाच एक पिस्टन वर-खाली होऊन हवेचा वेग जवळपास स्थिर ठेवतो, त्यामुळे साइजची चूक तितकी बोचत नाही. प्रमाण कळावं म्हणून: १,७९८ सीसीच्या एमजीबीवर दीड इंची एसयू एचएस४ ची जोडी होती, १,२७५ सीसीच्या मिनी कूपर एसवर सव्वा इंची एचएस२ ची. यांत साइजपेक्षा पिस्टनला लावलेली, जेटमध्ये वर-खाली होणारी सुई महत्त्वाची. कॅम किंवा एअर फिल्टर बदलला की सुईचा निमुळतेपणा जुळत नाही, आणि नुसता जेटखालचा नट फिरवून ते भरून निघत नाही.

विकत घेण्याआधी बॉनेटखाली काय तपासायचं

मॅनिफोल्डवरचे बोल्ट आणि भोकं जुळतात का, एअर फिल्टरसकट बॉनेट बंद होतं का, हे उघडच आहे. विसरायला होतं ते पुढचं. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सला बटरफ्लायच्या वरचं पोर्ट हवं की थेट मॅनिफोल्डचं? ब्रेक बूस्टर आणि पीसीव्हीला (क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हला) जागा आहे का? आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची केबल कार्बोरेटरच्या लिव्हरला जोडलेली असेल तर तिची भूमिती बरोबर बसलीच पाहिजे. जनरल मोटर्सच्या ७००आर४ सारख्या गिअरबॉक्समध्ये आतला तेलाचा दाब याच केबलवर ठरतो. ती चुकीची बसली तर क्लच जळतात, आणि तेही फार लवकर.

मूळ कार्बोरेटर हाताशी असेल तर आधी त्याचा विचार करा. बटरफ्लायचा दांडा वर-खाली हलवून पाहा. खेळ जाणवला तर बॉडीत नवं बुश बसवता येतं. तळाचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासा, ०.१ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करावा लागेल. बॉडीला तडा किंवा दांड्याच्या जागेची खोल झीज नसेल, तर त्या इंजिनासाठी कारखान्यात जुळवलेला कार्बोरेटर नीट खोलून बसवलेला, बाजारातल्या 'सगळ्यांना चालतो' प्रकारापेक्षा बहुधा सरस चालतो. स्वस्त नकलांमध्ये जेटवर छापलेला नंबर आणि खरं भोक यांचा मेळ असेलच असं नाही.

कार्बोरेटरच्या नावाने बिल फाडण्याआधी

कार्बोरेटरचा दोष म्हणून आलेल्या कित्येक तक्रारी प्रत्यक्षात इग्निशनच्या निघतात. कमजोर कंडेन्सर, झिजलेले पॉइंट, अडकलेलं अॅडव्हान्सचं वजन, चुकीचं टायमिंग, घट्ट टॅपेट: यांतलं काहीही असलं तरी गाडी तशीच गचकते. म्हणून क्रम ठेवा: कॉम्प्रेशन, टॅपेट, पॉइंटची गॅप, टायमिंग, आणि मग कार्बोरेटर. हा क्रम मोडला की जेट बदलत बसण्यात आठवडे जातात.

मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडा. मूळ कॅमच्या निरोगी इंजिनात समुद्रसपाटीला स्लो स्पीडवर (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) १६ ते २१ इंच पारा, काटा स्थिर, असं दिसायला हवं; उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी धरा. काटा खाली पण स्थिर असेल तर मागे पडलेलं टायमिंग किंवा हवेची गळती. नियमितपणे झटका देत असेल तर व्हॉल्व्ह. गळती शोधायला मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर, बटरफ्लायच्या दांड्याच्या टोकांवर, व्हॅक्यूमच्या नळ्यांवर साध्या पाण्याचा फवारा मारा. डिस्ट्रिब्युटर आणि वायरी टाळा. आरपीएम बदलला की जागा सापडली. कार्ब क्लीनर फवारून शोधणारेही आहेत, पण गरम एक्झॉस्टवर तो पेट घेतो. कोणतंही काम करताना अग्निशामक हाताजवळ असू द्या, आणि स्टार्टर फिरत असताना उघड्या गळ्यात पेट्रोल कधीही ओतू नका. बॅकफायरची ज्वाळा सरळ वर येते.

पेट्रोलचा दाब आणि फ्लोट

पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये प्रेशर गेज लावा. वेबर आणि एसयूला अडीच ते साडेतीन पीएसआय पुरतात. एडलब्रॉकला साडेपाचच्या आसपास, होलीला ५ ते ७. वेबरच्या गाडीवर जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला की नीडल (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी झडप) सीटवरून उचलली जाते आणि ओव्हरफ्लो सुरू होतो. मग लोक नीडल बदलतात, फ्लोट वाकवतात, काहीच फरक पडत नाही. तिथे रेग्युलेटर हवा. दाब बरोबर असूनही पुरवठा अपुरा असू शकतो, म्हणून मात्राही मोजा: कॉइलची वायर काढून, नळी बाटलीत धरून स्टार्टर मारला तर व्ही-८ च्या मेकॅनिकल पंपाने ३० सेकंदांत साधारण अर्धा लिटर द्यायला हवं. कमी आलं तर टाकीतली चाळणी, फिल्टर आणि टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र पाहा. छिद्र बुजलं असेल तर गाडी काही किलोमीटर ठीक चालते, मग मरते, आणि झाकण उघडताच पुन्हा चालू होते.

फ्लोटची पातळी बाकी सगळ्या जुळणीचा पाया आहे. चेंबरमधलं पेट्रोल वर असेल तर प्रत्येक सर्किट (पेट्रोलचा मार्ग) रिच, म्हणजे पेट्रोल जास्त; खाली असेल तर प्रत्येक लीन, म्हणजे पेट्रोल कमी. ही पातळी न तपासता जेट बदलणं म्हणजे वाकडा काटा असलेल्या तराजूवर वजनं बदलत राहणं. होलीत पातळी बाहेरून दिसते: इंजिन स्लोवर, बाजूचा स्क्रू काढला की पेट्रोल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं असावं. इतरांत झाकण उलटं धरून फ्लोट आणि गॅस्केटमधलं अंतर मॅन्युअलप्रमाणे मोजतात. पातळी बदलायला फ्लोटची जीभ वाकवताना फ्लोटने नीडलवर जोर देऊ नका. रबरी टोकाला खाच पडते.

पितळी फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळलं तर भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे जागा दाखवतात. झाळण करायचं तर आतलं पेट्रोल पूर्ण सुकल्याशिवाय अजिबात नाही. बंद पोकळीतली वाफ फुटते. रोचेस्टर क्वाड्राजेटसारख्यांतला फोमचा फ्लोट वर्षानुवर्षं पेट्रोल शोषून जड होतो आणि पातळी वर ढकलतो. तो बदलणं हाच उपाय.

खोलणं आणि साफ करणं

आधी फोटो काढा, मग प्रत्येक स्क्रू आत किती फेरे जातो ते मोजून लिहा, मग काढा. रबर, डायफ्राम, प्लास्टिक बाजूला करूनच बॉडी क्लीनरमध्ये घाला. जेटच्या भोकात स्टीलची तार घालू नये, पितळ मऊ असतं आणि एक ओरखडाही मिश्रण बदलतो. कॉम्प्रेस्ड हवा किंवा नायलॉनचा धागा वापरा. हवा प्रत्येक मार्गात दोन्ही बाजूंनी मारा आणि दुसऱ्या टोकाला बाहेर येते का ते बोटाने तपासा. स्लोचं सर्किट सगळ्यांत बारीक असतं, म्हणून उभ्या गाडीत तेच आधी बुजतं. नवं गॅस्केट जुन्याशेजारी ठेवून भोकं मोजा. किटमध्ये दोन-तीन गॅस्केट सारखीच दिसणारी येतात, आणि चुकीचं बसलं तर एखादा मार्गच बंद होतो.

स्लोची जुळणी

१. इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा, टायमिंग बरोबर, पीसीव्ही जोडलेला. पीसीव्ही काढून जुळणी केली तर तो जोडताच मिश्रण लीन होतं.

२. कार्बोरेटर हातात असेल तर खालून पाहा. बटरफ्लायच्या काठाखाली ट्रान्सफर स्लॉटचा (पेडल थोडं दाबल्यावर पेट्रोल देणाऱ्या बारीक फटीचा) चौकोनी तुकडा, सुमारे अर्धा मिलिमीटर, दिसावा. जास्त दिसत असेल तर स्लोवरच इंजिन त्या स्लॉटमधून पेट्रोल घेतं, मिश्रणाचे स्क्रू काही ऐकत नाहीत आणि पाय दाबताच खड्डा (क्षणभर ताकद जाणं) जाणवतो.

३. मिश्रणाचे स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, जोर लावू नका, टोकाला कडं पडतं. मग दीड फेरा बाहेर.

४. व्हॅक्यूम गेज पाहत प्रत्येक स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. व्हॅक्यूम सर्वाधिक झाला की थांबा, दुसऱ्याकडे जा, पुन्हा पहिल्याकडे या. शेवटी स्लो स्पीड खाली आणा आणि सगळं एकदा परत करा.

स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिन बंद पडत नसेल तर पेट्रोल दुसरीकडून येतंय: उघडा पडलेला स्लॉट, ओव्हरफ्लो, किंवा होलीत फाटलेला पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागताना जादा पेट्रोल देणारा). वेबर ३२/३६ मध्ये स्क्रू उत्तम स्लोला अडीच फेऱ्यांहून बाहेर लागत असेल तर स्लोचा जेट लहान आहे. जेमतेम अर्ध्या फेऱ्यावर लागत असेल तर मोठा. कॅम तीव्र असेल आणि बटरफ्लाय फार उघडावी लागत असेल, तर आधी सुरुवातीचं टायमिंग वाढवून पाहा. मग बटरफ्लाय मिटवता येते.

दोष कुठे उमटतो, त्यावरून सर्किट ओळखा

गाडी नेमकी कोणत्या थ्रॉटलला अडखळते हे लिहून ठेवा. 'मिसिंग आहे' या शब्दातून काही हाती लागत नाही.

पाय टाकताक्षणी खड्डा आणि गळ्यातून फट्‌ आवाज: कार्बोरेटरमधला अॅक्सिलरेटर पंप, म्हणजे पाय टाकताच जादा पेट्रोल मारणारा. इंजिन बंद ठेवून वरून पाहा आणि लिव्हर हलवा. हलवताच, त्याच क्षणी, सरळ धार यायला हवी. उशीर झाला तर डायफ्राम, चेक व्हॉल्व्ह किंवा लिव्हरमधली ढील. होलीत स्लोवर पंपाचा लिव्हर बोल्टला टेकलेला असावा आणि पूर्ण थ्रॉटलला त्याला अजून ०.४ मिमी दाबायला जागा राहावी. धार चांगली असूनही खड्डा असेल तर स्लॉट पाहा.

हळूहळू पाय वाढवताना, १,८०० ते २,५०० आरपीएमच्या टप्प्यात अडखळणं: स्लोचा जेट लीन किंवा अर्धवट बुजलेला. इथे मेन जेट बदलून उपयोग नाही, तो अजून कामालाच लागलेला नसतो.

एकसारख्या वेगावर गाडी पुढेमागे ओढल्यासारखी होणं: मेन सर्किट लीन, किंवा हवेची गळती. चोक किंचित ओढून पाहा. सुधारली तर लीन, बिघडली तर रिच. या युक्तीला पैसे पडत नाहीत आणि ती क्वचितच चकवते.

पूर्ण थ्रॉटलला दम नाही: सर्वांत आधी कोणाला तरी आत बसवून पेडल दाबायला सांगा आणि बटरफ्लाय खरोखर सरळ उभी राहते का पाहा. कार्पेट आणि सैल केबलने कित्येक अश्वशक्ती खाल्ल्या आहेत. त्यानंतर पेट्रोल पंपाची मात्रा, मग पॉवर व्हॉल्व्ह. त्यावरचा ६.५ म्हणजे मॅनिफोल्ड व्हॅक्यूम साडेसहा इंचांवर उतरला की तो उघडतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरमध्ये ठेवून स्लोचा व्हॅक्यूम मोजा आणि त्याच्या निम्म्याजवळचा व्हॉल्व्ह घाला. व्हॅक्यूम ९ असेल तर ४.५. स्लोच्या व्हॅक्यूमपेक्षा मोठ्या आकड्याचा बसला तर तो कायम उघडा राहतो आणि प्लग काळे पडतात.

किल्ली बंद केल्यावरही इंजिन फिरत राहणं हा बहुधा जास्त ठेवलेल्या स्लोचा परिणाम: बटरफ्लाय उघडी, ज्वलनकक्षात काजळीचे निखारे. कार्बोरेटर खोलायची गरज नाही.

एसयू आणि जोडीचे कार्बोरेटर

एसयूमध्ये पिस्टन हाताने उचलून सोडा. 'टक्‌' आवाज करत ब्रिजवर (गळ्याच्या तळावरच्या उंचवट्यावर) पडला पाहिजे. अडकला तर जुन्या स्थिर सुईच्या प्रकारात जेट मध्यभागी आणावा लागेल, नाहीतर पिस्टनवरचं चेंबर घाणेरडं आहे. चेंबर आणि पिस्टन फक्त पुसा, घासू नका. जोडीतले चेंबर कधी अदलाबदल करू नका, ते आपापल्या पिस्टनशी जुळवलेले असतात. डॅम्परमध्ये (पिस्टनची उसळी संथ करणाऱ्या भागात) एसएई २० तेल. ते संपलं की पाय टाकताच गाडी लीन होऊन अडखळते. अनेकदा सगळी दुरुस्ती म्हणजे एवढं तेलच.

मिश्रण तपासायला पिस्टन उचलायची पिन वापरून पिस्टन ०.८ मिमी उचला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, इंजिन बसू लागलं तर लीन, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. एचएस प्रकारात नट खाली म्हणजे रिच. सुरुवात ब्रिजशी सपाट जेटपासून दोन फेरे खाली.

जोडीत आधी मधला दांडा सैल करा, हवेचा प्रवाह मोजणाऱ्या गेजने दोन्ही गळे सारखे करा, मग मिश्रण, मग पुन्हा हवा, आणि शेवटी दांडा घट्ट. दांडा सैल न करता केलेली जुळणी खोटी असते, कारण एक कार्बोरेटर दुसऱ्याला ओढत असतो.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी आणि इथेनॉल

चांगली धावून थांबवलेली गाडी दहा-पंधरा मिनिटांनी चालू होत नसेल तर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडलेलं असतं. पेडल पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर मारा. कायमचा उपाय म्हणजे कार्बोरेटरखाली ६ ते १२ मिमीचा उष्णतारोधक स्पेसर, एक्झॉस्टसमोर पत्र्याची ढाल आणि शक्य तिथे टाकीकडे परतीची नळी. स्पेसरने उंची वाढते, तेव्हा बॉनेट पुन्हा मोजा.

शुद्ध पेट्रोलला आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७, १० टक्के इथेनॉल मिसळलेल्याला सुमारे १४.१. म्हणजे जुन्या जेटवर गाडी चार टक्क्यांच्या आसपास लीन चालते. तंतोतंत जुळलेल्या इंजिनात हे जाणवतं, आणि एखादी पायरी मोठा जेट लागू शकतो. त्याहून मोठी डोकेदुखी रबराची: जुनी नळी आतून सुटते, तिचे काळे कण नीडलखाली अडकतात आणि ओव्हरफ्लो होतो. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या आणि डायफ्राम घाला. महिनाभर उभ्या गाडीचं फ्लोट चेंबर सुकलेलं असतं. मेकॅनिकल पंपाला ते भरायला थोडा वेळ स्टार्टर लागतो, तो दोष नव्हे.

मेन जेट शेवटी

एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (हवा-इंधन प्रमाण मोजणारा) बसवता आला तर अंदाज संपतात. जमणारे आकडे: स्लोला १३.५ ते १४, स्थिर वेगावर १४ ते १५, पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३. आजच्या पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीइतका स्पष्ट बोलत नाही. तो वाचायचाच असेल तर पूर्ण थ्रॉटलला चालवून, क्लच दाबून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढा, कारण स्लोवर घरापर्यंत आणलेला प्लग फक्त स्लोची हकीकत सांगतो. एका वेळी एकच बदल करा: वेबरमध्ये ५ ने, होलीत २ नंबरांनी. नेहमी उंच डोंगरात चालणाऱ्या गाडीला विरळ हवेमुळे मिश्रण रिच होतं. होलीत दर ६०० मीटरला एक नंबर लहान जेट हा तिथला ठोकताळा.